खिडकीचं दार

आमच्या सास्तुरात भूकंपानंतर नवी घरं जमिनीच्या हिशेबानं मिळाली. ज्याचं रान मोठं त्याला मोठं घर, ज्याचं तुकडाभर त्याला लहान. मोठी घरं गावाच्या एका अंगाला, लहान दुसऱ्या अंगाला. सरकारच्या दृष्टीनं ते बरोबर असेल. धुरपदाबाई आणि शिवम्मा या दोघींना मात्र तो हिशेब कधी पटला नाही.

जुन्या गावात त्यांच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती. दगडमातीची, चांगली रुंद. चुलीजवळ तिच्यात एक आरपार देवळी होती. कुणी ठेवली, कशासाठी, ठाऊक नाही. इकडचं विरजण त्या देवळीतून तिकडं जायचं आणि तिकडचा विस्तव इकडं यायचा. शिवम्मा लग्न होऊन कर्नाटकातल्या आळंदकडून आली तेव्हा तिला कन्नड तेवढं यायचं. घरात निभायचं, पण पाण्याला गेली की मुकी. धुरपदाबाईंनी तिला त्या देवळीतून मराठी शिकवलं. शिवम्मा ‘उप्पु’ म्हणायची. धुरपदाबाई म्हणायच्या, ‘मीठ म्हण, मीठ.’ ती म्हणेपर्यंत चिमूट सोडायच्या नाहीत. वर्षभरात शिवम्मा धुरपदाबाईंशी मराठीत भांडायला लागली.

त्र्याण्णवच्या भूकंपात पहाटे ती भिंत पडली. धुरपदाबाईंची सासू गेली, शिवम्माचा नवरा गेला. धुरपदाबाईंचा श्रीनाथ तेव्हा पाळण्यातला. तो मातीखाली रडत होता आणि ते रडणं फक्त शिवम्माला ऐकू आलं, कारण भिंतीपलीकडून ते तिच्या रोजच्या कानावरचं होतं. आपला माणूस कुठं आहे याचा पत्ता नसताना तिनं हातांनी दगड उपसले आणि श्रीनाथला बाहेर काढलं. नंतर ती आपल्या घराकडं वळली. तोवर उशीर झाला होता. लवकर वळली असती तर काय झालं असतं, हे दोघींनी कधी एकमेकींना विचारलं नाही.

पुढं पत्र्याच्या शेडात दोघी पुन्हा शेजारी होत्या. मग घरांचं वाटप झालं आणि त्या गावाच्या दोन टोकांना गेल्या. तसं चालत जाण्याइतकंच अंतर, पण चिमूटभर मिठासाठी एवढं चालून कोण जातं? भेटी व्हायच्या त्या लग्नात, मयतीला, नाहीतर खुरपणीच्या वेळी रानात. ‘येत जा की गं,’ असं दोघी म्हणायला लागल्या. हे असं पाहुण्यांना म्हणतात.

वर्षं गेली. श्रीनाथ शिकून चाकणला कंपनीत लागला. हिंमतराव, म्हणजे धुरपदाबाईंचे मालक, करोनाच्या आदल्या वर्षी वारले. शिवम्मांचा लेक रुद्रेश, भूकंपाच्या वेळी आजोळी होता म्हणून वाचलेला, एसटीच्या वर्कशॉपात लागला आणि आईला सोलापूरला घेऊन गेला. त्यांचं इथलं लहान घर त्यानं चुलतभावाला राहायला दिलं. चुलतभावाची लेकरंबाळं तिथं रुजली. आता त्यांना ऊठ म्हणण्यात अर्थ नव्हता.

सोलापूरहून शिवम्मांचा फोन यायचा.

“काय करायलीस अक्का?”

“बसलेय. तू?”

“मीबी बसलेय. इथं तिसऱ्या माळ्यावर बसायचं आन् खालच्या गाड्या बगायच्या. शेजारीण कोण हाय ते अजून ठावं न्हाय. तिच्या दाराला जाळी, माझ्या दाराला जाळी.”

“सून?”

“सून चांगली हाय गं. पण चांगल्या माणसाच्या घरातबी ते तिचंच घर. डबा कुठल्या फळीवर ठिवायचा ते तिला इचारावं लागतंय.”

फोन ठेवल्यावर धुरपदाबाई आपल्या मोठ्या घरातून एक फेरी मारायच्या. पुढचा सोपा, दोन खोल्या, मागं स्वैंपाकघर, न्हाणी, परसात संडास. त्यांचा संसार मागच्या बाजूलाच उरला होता. पुढच्या दोन खोल्यांत तुरीची पोती, हिंमतरावांची खाट आणि पाहुणा आला तर म्हणून ठेवलेली गादी.

या रिकाम्या खोल्यांवर बलभीमचं लक्ष गेलं. बलभीमचं बियाणं-खताचं दुकान होतं आणि त्याला गोदाम हवं होतं. त्यानं धुरपदाबाईंना न विचारता थेट श्रीनाथला फोन केला. श्रीनाथला ते पटलं. गावात आई एकटी, पुढं माणसांची ये-जा राहिली तर बरंच. रस्त्याकडची भिंत फोडून शटर बसवायचं ठरलं, आणि भूकंपानंतरचं सरकारी घर म्हणून लोहाऱ्याच्या एका इंजिनिअरला दाखवून घ्यायचंही ठरलं.

इंजिनिअर आली ती निकिता नावाची तरुण मुलगी. स्कूटीवरून आली, डोक्याचा रुमाल सोडला आणि पाणी पिऊन कामाला लागली. तिनं भिंतींवर टकटक केलं, एका जागी गिलावा खरवडला, टेपनं मापं घेतली. बलभीम मागं मागं होताच.

“शटर होणार नाही,” ती म्हणाली. “या खिडक्यांच्या वरून घरभर सळईचा आणि सिमेंटचा पट्टा फिरलाय. हा घराचा कमरपट्टा आहे. शटरएवढी भिंत काढली तर तो लोंबकळेल. भूकंपासाठी बांधलेलं घर आपण भूकंपाआधीच पाडल्यासारखं होईल.”

“बारकं शटर बसवू,” बलभीम म्हणाला.

“शटरचं एक झालं. हे राहतं घर आहे. राहत्या घराचं गोदाम करायचं म्हणजे वापर बदलतो, त्याची परवानगी वेगळी. शेजारी माणूस राहतंय आणि भिंतीला खताच्या थप्प्या, तर ती मिळणं अवघडच. शिवाय घर सरकारनं कबाल्यावर, म्हणजे मालकीच्या कागदावर दिलेलं, त्याच्या अटी आहेत. मी तरी यावर सही करणार नाही.” मग जाता जाता तिनं धुरपदाबाईंना सांगितलं, “मावशी, राहण्यासाठीच एकाची दोन घरं करायची असतील तर गोष्ट निराळी. दोन भाऊ वेगळे होतात तेव्हा करतातच.”

बलभीम गेला. निकिता रुमाल बांधत होती. धुरपदाबाई दारात उभ्या राहिल्या.

“बाई, दोन भाऊच लागत्यात का?”

“म्हणजे?”

“दोन बाया चालतील का?”

निकिता पुन्हा आत येऊन बसली. तिनं सगळं ऐकून घेतलं. तिचा जन्म भूकंपानंतरचा. जुनं सास्तूर तिनं फक्त ऐकलं होतं. देवळीचं ऐकताना ती हसली. मग तिनं नीट समजावून दिलं. शिवम्मा नात्यातल्या नाहीत, त्यामुळं घर त्यांच्या नावावर करायच्या भानगडीत पडू नका, त्याला वरची परवानगी लागते. मालक तुम्हीच राहा. पण पंचायतीच्या घरांच्या नोंदीत दोन रकाने असतात, एक मालकाचा आणि एक भोगवटादाराचा, म्हणजे जो राहतो त्याचा. दोन घरं वेगळी झाली तर पुढच्या घराच्या दुसऱ्या रकान्यात शिवम्मांचं नाव लागू शकतं. त्यासाठी ते घर खरोखर वेगळं हवं. त्याला स्वतःचं दार हवं, चूल हवी, न्हाणी-संडास हवा, विजेचं मीटर हवं. पंचायतीचा ठराव हवा. आणि हिंमतरावांच्या मागं नोंदीला श्रीनाथचंही नाव आहे, त्याची संमती तर हवीच.

“पुढचं दार तर सोप्यातून मागं जायला तुम्हालाच लागेल,” ती म्हणाली. “या दोन खोल्यांना दुसरं कुठून काढायचं?” तिनं पूर्वेच्या खिडकीकडं पाहिलं, खालचा गिलावा खरवडून बघितला आणि मान हलवली. “या खिडकीचं दार होईल. रुंदी वाढवायची नाही, वरच्या पट्ट्याला हात लावायचा नाही. फक्त खिडकीखालची भिंत काढायची आणि दोन्ही बाजूंना सळई घालून काँक्रीट भरायचं.”

त्याच संध्याकाळी धुरपदाबाईंनी सोलापूरला फोन लावला.

“शिवम्मा, ये माझ्याकडं ऱ्हायाला.”

पलीकडून आधी हसू आलं. “किती दिस? चार? आठ? पाव्हणी म्हनून आल्यावर चहा माझ्या हातात आणून देशील. मला न्हाय जमणार अक्का. आता कुणाच्या घरात ऱ्हायचा कंटाळा आलाय. मला माझी कडी पायजे. आतनं लावली तर कुणी ‘का लावली’ म्हणू नये.”

“कडी देते.”

“कशी देतीस?”

“खिडकीला लावून देते,” धुरपदाबाई म्हणाल्या, आणि शिवम्मांना काही कळलं नाही.

श्रीनाथला सांगणं अवघड गेलं. तो रागावला नाही, पण म्हणाला, “आई, गोदाम नको तर नको. पण हे काय नवीन? उद्या तुला काही झालं तर मी तिथं कुणाला ऊठ म्हणू? कायद्यानं तिचं नाव लागल्यावर ती उठली नाही तर?”

“तिचं नाव ऱ्हाणारी म्हणूनच लागणार. मालक आपणच.”

“लोक घरं बळकावतात आई.”

धुरपदाबाईंनी फोन या कानाचा त्या कानाला केला. “श्रीनाथ, तू मातीखाली व्हतास तवा तिनं न्हाय इचारलं, ह्यो माझा कोण म्हणून.”

ही गोष्ट त्याला लहानपणापासून ठाऊक होती, पण आईनं ती कधी त्याच्यापुढं मागणीसारखी ठेवली नव्हती. आठवड्यानं तो स्वतः गावी आला, तलाठ्याकडून, पंचायतीकडून हवे ते उतारे काढले आणि संमतीवर सही केली. जाताना पुढच्या खोलीतली तुरीची पोती त्यानंच मागं नेऊन रचली.

ग्रामसभेत विषय निघाला तेव्हा बलभीम उभा राहिला. गोदामाचं नाव त्यानं काढलं नाही. तो म्हणाला, “एका घराची दोन दाखवायची, आन् उद्या दुसऱ्या नावावर घरकुल मागायचं. ह्यो पायंडा पडला तर समदं गाव भिंती घालील.” त्याचं म्हणणं अगदीच वाकडं नव्हतं, तसं करणारे होते. सभेत कुजबुज झाली. ग्रामसेवकांनी धुरपदाबाईंकडं पाहिलं.

धुरपदाबाई कधी सभेत बोलल्या नव्हत्या. बायकांच्या ओळीतून त्या उठल्या, पदर सावरला.

“भाऊसाहेब, लिवून घ्या. दोन्ही घरांवर आमाला सरकारचं काय बी नको. घरकुल नको, काय नको. जुन्या गावात माझ्या भिंतीला एक माणूस व्हतं. सरकारनं घर दिलं, पाणी दिलं, रस्ता दिला. त्याबद्दल म्या कदी तक्रार केली न्हाय. पण माणूस लांब गेलं. ते जवळ आणायचंय, एवढंच.”

मागून कुणीतरी म्हातारा बोलला, “व्हय, आमचाबी भिकाजी तिकडं टोकालाच गेला की.” मग दुसरा बोलला, मग तिसरा. थोडा वेळ सभा विषय सोडून जुन्या गल्लीतच गेली. कोण कुणाच्या शेजारी होतं, कुणाच्या ओट्यावर पत्ते चालायचे. बलभीमचा बापही त्या गल्लीतलाच होता. बलभीम खाली बसला. घरकुलाची मागणी करणार नाही असं लिहून घेऊन ठराव झाला.

काम सुरू झालं. खिडकीखालची भिंत निघाली तेव्हा पूर्वेचं ऊन थेट आतल्या जमिनीवर आलं. निकिता दोनदा येऊन सळई बघून गेली. पुढच्या बाजूला न्हाणी-संडास झाला, कट्टा झाला, गॅसची सोय झाली, वेगळं मीटर बसलं. मग ती म्हणाली, “मावशी, आता एक गोष्ट राहिली. तुमच्या आणि त्यांच्या खोलीमधलं आतलं दार बुजवावं लागेल.”

“बुजवायचं?”

“ते उघडं असेल तर हे एकच घर धरतात. दोन म्हणून नोंद होणार नाही.” तिला वाटलं, बाईंना वाईट वाटेल, एकीला जवळ आणायचं आणि मधलं दार बंद करायचं. “दुसरा इलाज नाही, मावशी,” ती हळूच म्हणाली.

धुरपदाबाईंनी ते दार एकदा ओढून लावलं. मग म्हणाल्या, “भित पायजेच की, बाई. आमच्या मधी भितच व्हती.”

गवंड्यानं दार बुजवलं. देवळी ठेवता येते का, असं धुरपदाबाईंनी त्याला एकदा विचारलं. निकितानं नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पंचायतीनं नोंद केली आणि धुरपदाबाईंनी शिवम्मांना फोनवर खिडकीच्या कडीचा अर्थ सांगितला. रुद्रेशला मात्र हे सगळं नंतर कळलं आणि तो दुखावला. लोक म्हणतील, लेकानं आईला दुसऱ्याच्या घरात ठेवली. शिवम्मा हट्टाला पेटल्या, जेवणं सोडली, तेव्हा तो एकटाच बघायला आला. धुरपदाबाईंनी त्याला पूर्वेच्या दारानं आत नेलं. त्यानं कट्टा बघितला, नळ सोडून बघितला, दाराची कडी लावून काढून बघितली. मग विचारलं, “ह्या घरात तुम्हाला यायचं असलं तर?”

“बाहेरनं. कडी वाजवून.”

“आन् तिनं न्हाय उघडली तर?”

“तर माघारी जाईन. तिचं घर हाय.”

त्यानं कडी पुन्हा एकदा लावून बघितली. निघताना म्हणाला, “येळवसला घेऊन येतो.”

आमच्याकडं येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, दिवाळीपेक्षा मोठी. रानात कडब्याची कोप म्हणजे खोपी करतात, पाच दगडांचे पांडव मांडतात, भज्जी-उंडे-आंबील घेऊन आख्खं गाव शेतात जातं. त्या दिवशी सकाळी एक रिक्षा पूर्वेच्या बाजूला थांबली. शिवम्मा उतरल्या. त्या वाळल्या होत्या. गुडघ्यानं चालताना अडखळत होत्या. दारासमोर उभ्या राहून त्यांनी चौकटीवर हात फिरवला, खालपासून वरपर्यंत, आणि कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटल्या. धुरपदाबाईंनाही ते कळलं नाही, किंवा त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मग शिवम्मांनी आत जाऊन दार लावलं, आतून कडी घातली. बाहेर रुद्रेश, धुरपदाबाई आणि रिक्षावाला उभे. थोड्या वेळानं दार उघडलं.

“या,” शिवम्मा म्हणाल्या. “बसा. चहा ठिवते.”

त्या हिवाळ्यात गावानं त्या दोघींना फारसं एकत्र बघितलं नाही. लोकांना वाटलं होतं, दिवसभर बसून बोलतील. तसं झालं नाही. दोघी आपापल्या घरात असायच्या. शिवम्मा सकाळी भाकरी थापायच्या, त्याचा थापथाप आवाज भिंतीतून यायचा आणि धुरपदाबाई आपला हात थांबवून तो ऐकायच्या. मग त्या थापायला लागायच्या. कुणाला खोकला आला तर पलीकडून विचारणा व्हायची, मोठ्यानं, भिंतीकडं तोंड करून. दुपारी एखादी कडी वाजवायची, कधी दुसरी. भांडणही झालं एकदा, तुरीच्या वरणात गूळ घालावा की नाही यावरून, आणि दोन दिवस दोघी बोलल्या नाहीत. धुरपदाबाईंनी मला सांगितलं, ते दोन दिवस सगळ्यात चांगले गेले. “रुसायला शेजारीण लागतीया,” म्हणाल्या. “फोनवर रुसून काय व्हतंय?”

पाडव्याच्या सुमारास रुद्रेशचा फोन आला. त्याच्या बायकोचं पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं, लेकरं लहान, घरात कुणी नव्हतं. शिवम्मांनी भिंतीपाशी बसून सगळं ऐकलं. मग बाहेरून येऊन धुरपदाबाईंच्या दाराची कडी वाजवली.

“जावं लागंल, अक्का.”

“जा की. लेकरं हायेत.”

“माझं नाव काढशील का?”

“कुठनं?”

“पंचायतीतनं. म्या ऱ्हात न्हाय म्हणल्यावर.”

धुरपदाबाईंनी शिवम्मांचा हात धरला. हात खरखरीत होता, कणकेचा वास येत होता. “माणूस गावाला गेलं म्हणून घर दुसऱ्याचं व्हतं का?” त्या म्हणाल्या.

शिवम्मांनी आपली भांडी घासून पालथी घातली, गॅस बंद केला, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. ती त्यांनी धुरपदाबाईंकडं ठेवायला दिली नाही, आणि धुरपदाबाईंनी मागितली नाही. रिक्षा वळेपर्यंत एक पुढच्या दारात आणि दुसरी रिक्षातून मान बाहेर काढून एकमेकींकडं बघत होत्या.

सुनेचं दुखणं लांबलं. ऑपरेशन नीट झालं, पण मग लेकरांच्या शाळा सुरू झाल्या, रुद्रेशची पाळी बदलली. पेरण्या झाल्या, सोयाबीन कमरेएवढं आलं. शिवम्मा आल्या नाहीत. पुढचं घर बंद होतं. एका पाहुण्यानं लग्नाची वऱ्हाडी मंडळी उतरवायला त्या खोल्या मागितल्या. धुरपदाबाई म्हणाल्या, “माझ्याकडं किल्ली न्हाय,” आणि ते खरंच होतं.

मी गेलो तेव्हा त्या मागच्या खोलीत ज्वारी पाखडत होत्या. मी विचारलं, एकटीला करमतं का? त्यांनी सूप खाली ठेवलं.

“आदी करमत न्हवतं ते जवळ कुणीच न्हवतं म्हणून. आता करमत न्हाय ते ती न्हाय म्हणून. ह्यात लई फरक हाय,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “पयल्यापरीस हे जास्त दुखतंय. पण हेच बरं हाय.”

तेवढ्यात फोन वाजला. सोलापूरचा होता. धुरपदाबाईंनी तो स्पीकरवर टाकला, कारण त्यांना आता एका कानानं कमी ऐकू येतं.

“दसरा झाला की येते, अक्का.”

“ये.”

“रुद्रेशची पोरगी पडली, गुडगा फुटलाय. तेवढं बरं व्हऊं दे.”

“बरं व्हऊं दे.”

ठेवते, असं कुणी म्हणालं नाही, फोन चालूच राहिला. फोन जात्यावर ठेवून धुरपदाबाईंनी सूप पुन्हा हातात घेतलं आणि पाखडायला लागल्या. पलीकडं सोलापुरात कुठंतरी एक नळ चालू होता, भांडी आपटत होती, आणि शिवम्मा आपलं काम करत होत्या.